नगरसेवकांविना पावणेचार वर्षे : मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस,

नागपुरातले प्रतापनगर आपल्याच दक्षिण-पश्चिम मतदारसंघात येते. इथल्या चौकातल्या पानठेल्यावर, सकाळी फिरून आलेल्या ज्येष्ठांच्या बाकावर आणि सोसायट्यांच्या बैठकांत गेली काही वर्षे एक वाक्य सारखे कानावर पडते : नगरसेवक नव्हते तर काय अडले? कचरागाडी येत होती, नळाला पाणी येत होते, दिवे लागत होते. असे म्हणणारी माणसे शिकलेली आहेत, कर वेळेवर भरणारी आहेत. त्यांच्यात निवृत्त अभियंते आहेत, बँकेत हयात घालवलेले आहेत, मास्तर आहेत. बोलणे रंगले की ती आणखी पुढे जातात. महापालिकाच कशाला, राज्य आणि देशसुद्धा जाणकारांच्या हाती द्यावा. रस्त्याचे अभियंत्याने ठरवावे, दवाखान्याचे डॉक्टरने, तिजोरीचे अर्थतज्ज्ञाने. निवडणुकीचा खर्च वाचेल, भांडणे मिटतील.

हे पत्र त्या बोलण्याबद्दल आहे. ते आपल्यालाच लिहिण्याचे कारण उघड आहे. आपली सार्वजनिक कारकीर्द याच महापालिकेच्या सभागृहात १९९२ साली नगरसेवक म्हणून सुरू झाली आणि १९९७ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आपण या शहराचे महापौर झालात. सभागृह असते तेव्हा काय घडते हे आपण आत बसून पाहिले आहे. ते नसते तेव्हा काय घडते हे नागपूरने अलीकडेच पाहिले.

नागपूर महापालिकेत फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत ४ मार्च २०२२ रोजी संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेचे वाद आणि तारखांवर तारखा यांत निवडणूक अडकली. आयुक्त हेच प्रशासक झाले. राज्यघटनेच्या २४३-यू या अनुच्छेदाने पालिकांची मुदत पाच वर्षे ठरवली आहे आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असे बजावले आहे. तरीही मतदान उजाडायला १५ जानेवारी २०२६ यावी लागली, आणि तीसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यानंतर. मधली पावणेचार वर्षे चोवीस लाखांहून मोठ्या शहरात १५१ जागा रिकाम्या होत्या. मुंबईत, पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात, कोल्हापुरातही तेच झाले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर, एवढा काळ, लोकांनी निवडलेल्या माणसांशिवाय शहरे चालवून पाहण्याचा हा प्रयोगच होता. तो कोणी ठरवून केला नसेल, पण झाला हे खरे.

या काळात आयुक्त म्हणून जो प्रस्ताव मांडायचा तो प्रशासक म्हणून त्याच अधिकाऱ्याने मंजूर करायचा, अशी रीत होती. अर्थसंकल्पाचेही तसेच. स्थायी समितीचे अधिकार त्याच खुर्चीत, सर्वसाधारण सभेचेही त्याच खुर्चीत. त्या खुर्चीतल्या अधिकाऱ्यांच्या हेतूबद्दल इथे कसलीही शंका घ्यायची नाही. प्रश्न खुर्चीच्या रचनेचा आहे.

जाणकारांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. प्रतापनगरच्या माणसाला आज सुभाषनगर स्थानकावर मेट्रो मिळते. सीताबर्डी ते लोकमान्यनगर ही मार्गिका जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली, आणि खांब कुठे रोवायचा, गर्डर कसा चढवायचा हे कोणत्याही सभागृहात हात वर करून ठरले नाही, ठरूही नये. त्याच वर्षी कोरोना आला. तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे यांनी सतरंजीपुरा, मोमिनपुरा या दाट वस्त्यांत कडक निर्णय घेतले, मोठ्या संख्येने लोकांना विलगीकरणात हलवले. ऑगस्टमध्ये त्यांची बदली झाली तेव्हा त्यांच्या बंगल्यासमोर जमलेले लोक मनापासून हळहळत होते. कामचुकारांना धाक बसवणारा अधिकारी लोकांना हवाच असतो आणि त्यात काही वावगे नाही.

पण त्याच वर्षाची दुसरी बाजूही आठवावी. २० जून २०२० रोजी सुरेश भट सभागृहात महापालिकेची सर्वसाधारण सभा भरली. महापौर संदीप जोशी आणि नगरसेवकांनी आयुक्तांना प्रश्न विचारले, खडाजंगी झाली, मुंढे सभेतून उठून गेले. स्मार्ट सिटी कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदाचा वाद पेटला. ते दृश्य कोणाला शोभादायक वाटले नाही. तरीही महामारीच्या ऐन भरात शहरातल्या सर्वांत ताकदवान अधिकाऱ्याला उघड्या सभेत जाब विचारता येत होता. विचारणाऱ्यांचे हेतू शुद्ध होते की नव्हते, यावर वाद घालता येईल. विचारण्याची जागा मात्र होती. तीन वर्षांनी ती जागा उरली नाही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. १८७० साली शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेल्या अंबाझरी तलावाच्या सांडव्यावरून लोट वाहिले, नाग नदी फुगली. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत झोपेतली माणसे पाण्यात उठली. चौघांचा जीव गेला, हजारो घरांत पाणी शिरले, लष्कराला बोलवावे लागले. आपणही पाहणीला आला होतात. त्यानंतर विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली आणि रहिवाशांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार ठोठवावे लागले. सांडव्यासमोरच्या विवेकानंद पुतळ्याने पाणी अडते का, नदीचे पात्र कोणी आवळले, धरणाची डागडुजी कोणाकडे, हे सगळे प्रश्न वकिलांमार्फत विचारले गेले. महापालिकेची विशेष सभा बोलवा, असे म्हणायला नगरसेवकच नव्हता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तो पुतळा प्रशासकाच्या काळातला नाही. पात्रावरची अतिक्रमणेही जुनीच. निवडून आलेल्यांच्या डोळ्यांदेखत हे सारे झाले. तेव्हा नगरसेवक असते तर पूर आला नसता, असा दावा कोणी करू नये. दावा एवढाच आहे की, रात्री अडीच वाजता कमरेएवढ्या पाण्यातून फोन कोणाला लावायचा, हे त्या रात्री त्या वस्त्यांना ठाऊक नव्हते. आणि पाणी ओसरल्यावर ज्याला पुन्हा मत मागायला दारात यावेच लागेल, असा एकही माणूस महापालिकेच्या कारभारात नव्हता.

आता प्रतापनगरातलीच एक गल्ली पाहू. सिमेंटचा रस्ता झाला. काँक्रीट उत्तम, जाडी नकाशाप्रमाणे, वर ट्रक नेला तरी तडा जाणार नाही. पण जुन्या डांबरी रस्त्यावरच नवा थर चढल्याने रस्ता घराच्या फाटकापेक्षा वर आला. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी गेटमधून आत. मग घरमालक फाटकाच्या तोंडाशी विटांचा बांध घालतो, गाडी काढण्यासाठी त्यावर लोखंडी पत्र्याचा उतार ठेवतो, पुढच्या वर्षी अंगणात भर टाकून फरशी उंच करतो. मग ते पाणी शेजाऱ्याकडे वळते आणि दोन घरांत अबोला होतो. गडर लाईनचे, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीचे, झाकण रस्त्याखाली दबलेले असते, ते शोधायला पुन्हा रस्ता फोडतात. झोन ऑफिसात गेले की जेई साहेब, म्हणजे कनिष्ठ अभियंता, अंदाजपत्रक दाखवतात. त्यात सगळे बरोबर असते. कंत्राटदाराचे बिल बरोबर असते, तपासणीचा अहवालही बरोबर असतो. चुकलेली असते ती फक्त आजीच्या देवघरात आलेल्या पाण्याची नोंद, कारण ती नोंद करायचा रकानाच कोणत्या तक्त्यात नसतो.

ही नोंद पोचवणारा माणूस म्हणजे नगरसेवक. तो काम नीट करतोच असे नाही. पण ते पाणी त्याच्या मतांत शिरते, म्हणून त्याला ते दिसते. सिमेंट रस्त्यांचे बरेच काम सभागृह असतानाच झाले, हे मान्य. त्या वेळी निदान नगरसेवकाच्या घरावर मोर्चा नेता येत होता. प्रशासकाच्या काळात मोर्चा झोन ऑफिसवर जायचा आणि निवेदनावर पोच घेऊन परत यायचा.

जाणकारांच्या राज्याविषयीचा मुख्य आक्षेप इथून सुरू होतो. त्यांना विषय कमी कळतो, असा तो आक्षेप नाही. कुठल्याही शहरात, कुठल्याही राज्यात बहुतेक निर्णयांत कोणाला फायदा आणि कोणाला झळ याची वाटणी असते, आणि ती वाटणी गणितातून बाहेर पडत नाही. धनंजयराव गाडगीळ हे या देशाचे मोठे अर्थतज्ज्ञ. १९६९ पासून केंद्राची योजना-मदत राज्यांत त्यांच्या सूत्राने वाटली गेली : ६० टक्के लोकसंख्येवर, आणि उरलेली दहा-दहा टक्के दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू सिंचन-वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांवर. सूत्र तज्ज्ञाचे, पण साठच का, पन्नास का नाही, याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडत नाही. म्हणूनच ते राष्ट्रीय विकास परिषदेत, निवडून आलेल्या मुख्यमंत्र्यांसमोर ठेवले गेले आणि तिथे पटल्यावर चालले. विदर्भाचा अनुशेष मोजण्यासाठी दांडेकर समिती नेमली गेली, पुढे केळकर समिती आली. मोजणी त्यांनी केली. पण मोजलेले भरून द्यायचे की नाही, यावरचे भांडण विधिमंडळातच होत आले. आपण स्वतः विरोधी बाकावरून त्यासाठी वर्षानुवर्षे भांडलात.

गणितच राज्य करू लागले तर काय होते, याचा दाखला चीनने दिला. क्षेपणास्त्रांच्या मार्गनियंत्रणाचे तज्ज्ञ सोंग जियान यांनी तेच गणित लोकसंख्येला लावले आणि शंभर वर्षांनी देशाला ६५ ते ७० कोटी माणसे पुरेत, असा हिशेब मांडला. १९८० मध्ये एकच मूल हे धोरण देशभर लागू झाले. सक्तीचे गर्भपात झाले, कुटुंबे मोडली. धोरण मागे घ्यायला २०१५ उजाडले आणि २०२२ पासून तिथली लोकसंख्या घटू लागली आहे. आपल्याकडेही १९७६ मध्ये, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. म्हणजे निवडून आलेलेही भरकटतात. फरक पुढचा आहे. त्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, मार्च १९७७ मध्ये देशाने मतदान केले आणि नसबंदी हा त्या निवडणुकीतला मोठा मुद्दा ठरला. भारताला सक्ती थांबवायला दोन वर्षेही लागली नाहीत, चीनला पस्तीस लागली.

महाराष्ट्राने हा वाद याआधी एकदा सोडवलेला आहे, दीडशे वर्षांपूर्वी. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार जवळजवळ संपूर्णपणे एका आयुक्ताच्या हाती दिला गेला. आर्थर क्रॉफर्ड हे ते आयुक्त. माणूस धडाडीचा होता. त्यांनी गटारे सुधारली, रस्ते काढले, बाजार बांधले. त्यांच्या नावाची मंडई आजही उभी आहे. पण खर्चाला धरबंध राहिला नाही, तिजोरी रिकामी झाली आणि १८७१ मध्ये करदाते रस्त्यावर आले. तेव्हा तरुण फिरोजशहा मेहतांनी घेतलेली भूमिका आजही वाचण्याजोगी आहे. आयुक्ताची सत्ता मोडा, असे ते म्हणाले नाहीत. अंमलबजावणी एकाच सक्षम अधिकाऱ्याच्या हाती राहू द्या, पण त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या सभेचा अंकुश ठेवा, असे त्यांचे म्हणणे होते. १८७२ च्या कायद्याने ६४ जणांची सभा आली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. आज महाराष्ट्रातली प्रत्येक महापालिका याच आराखड्यावर उभी आहे. पावणेचार वर्षे आपण त्यातला अर्धाच भाग चालवला, आणि तो १८६५ चा.

कोकण रेल्वेचे उदाहरण आणखी जवळचे. ई. श्रीधरन यांच्यासारख्या अभियंत्याशिवाय सह्याद्रीच्या कुशीतले ते बोगदे आणि पूल इतक्या लवकर झाले नसते. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग सुरू झाला. पण ती रेल्वे व्हावी यासाठी संसदेत वर्षानुवर्षे झगडले ते नाथ पै आणि मधु दंडवते, आणि रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस व अर्थमंत्री दंडवते एकाच मंत्रिमंडळात आले तेव्हा ती कागदावरून खाली उतरली. गोव्यात खाजण जमिनींवरून मार्ग नेण्याला लोकांनी विरोध केला, काम थांबले, न्यायमूर्ती ओझा यांच्याकडे चौकशी गेली आणि मार्ग कायम राहिला. अभियंत्याचे म्हणणे टिकले. लोकांना विचारल्याने प्रकल्प बुडाला नाही. पुढे श्रीधरन २०२१ मध्ये केरळात पलक्कडहून विधानसभेला उभे राहिले आणि ३,८५९ मतांनी हरले. त्यांच्या कर्तृत्वाला त्याने काहीही उणेपण येत नाही. मतदार वेगळी गोष्ट निवडत होता.

नागपूरकडे तर या विषयाची स्वतःची जुनी परीक्षा आहे. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आला : शासनाने नेमलेला अध्यक्ष, नियोजनाचे जाणकार अधिकारी, निवडून आलेल्यांना मंडळात थोडीशी जागा. या शहराचे कितीतरी ले-आउट, रस्ते आणि उद्याने प्रन्यासने घडवली, हे नाकारता येणार नाही. पण गुंठेवारीतल्या ५७२ आणि १९०० ले-आउटमधल्या माणसांना विचारा. डिमांड नोट भरली, आरएल (भूखंड नियमित केल्याचे पत्र) मिळाले, तरी रस्ता नाही, गडर लाईन नाही. प्रन्यासच्या सदर भागातल्या कार्यालयात गेले की महापालिकेकडे जा, महापालिकेत गेले की प्रन्यासकडे. एकाच शहरावर दोन नियोजन यंत्रणा, आणि त्यांतल्या एकीला मतदार कधीच घरी बसवू शकत नाही. प्रन्यास बरखास्त करण्याचा निर्णय आपल्याच पहिल्या मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१६ मध्ये घेतला होता. नंतर तो निर्णय फिरला आणि प्रन्यास आजही आहे.

आपल्याकडे मागणे आहे ते याच अनुभवातून.

पहिले, मुदत संपल्यावर निवडणुकीची तयारी सुरू करण्याची सवय मोडावी. प्रभागरचना आणि आरक्षण मुदत संपण्याच्या एक वर्ष आधी पूर्ण झालेच पाहिजे, असा कायदा राज्याला करता येतो. या विधानसभेत आपल्याकडे त्यासाठी लागणारे बहुमत आहे. पुन्हा कधी प्रशासक नेमावाच लागला, तर त्याने मांडलेला अर्थसंकल्प त्यानेच मंजूर करू नये. तो जनसुनावणीतून जावा आणि हरकतींची उत्तरे लेखी द्यावीत.

दुसरे, जाणकार अधिकाऱ्यालाही संरक्षण हवे. नवी मुंबईत २५ ऑक्टोबर २०१६ रोजी मुंढे यांच्याविरुद्ध १०४ विरुद्ध ६ मतांनी अविश्वास ठराव झाला, तरी मुख्यमंत्री म्हणून आपण त्यांना लगेच हलवले नाही. नागपुरात मात्र ते सात महिने टिकले. २००५ चा बदल्यांचा कायदा साधारण तीन वर्षांची मुदत सांगतो. आयुक्ताला ती मिळावी, आणि तिच्यासोबत दर महिन्याला सभागृहात उभे राहून उत्तर देण्याचे बंधनही यावे.

तिसरे, महापौराला काही अर्थ द्यावा. मुंबई आणि नागपुरात १९९८ साली मेयर-इन-कौन्सिलचा, म्हणजे महापौर आणि त्याच्या समितीकडे कार्यकारी अधिकार देण्याचा, प्रयोग झाला. त्या पद्धतीतले महापौरपद आपण स्वतः भूषवलेत, आणि वर्षभरातच ती गुंडाळली गेली. ती का फसली आणि आणखी पाच वर्षे मिळाली असती तर काय झाले असते, हे सांगण्याचा अधिकार आपल्याइतका महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाला नाही. ते लिहून प्रसिद्ध करावे, आणि जमल्यास ती पद्धत पुन्हा सुरू करावी.

प्रन्यासचा निर्णय मार्गी लावावा, हेही या मागण्यांत आलेच.

आणि शेवटचे, अगदी इथले. राज्याने २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली : काही मतदान केंद्रांमागे एक सभा, नगरसेवक तिचा अध्यक्ष, आणि प्रत्येक नोंदणीकृत मतदार तिचा सभासद. ती बहुतेक शहरांत कागदावरच राहिली. लक्ष्मीनगर झोनपासून, प्रतापनगरापासून, येत्या पावसाळ्याआधी तिची सुरुवात करावी. पहिल्या सभेला कनिष्ठ अभियंत्याने सिमेंट रस्त्यांच्या आणि पावसाळी नाल्यांच्या लेव्हलचे नकाशे घेऊन यावे, नव्या नगरसेवकांनी समोर बसावे, आणि ज्यांच्या फाटकातून पाणी आत येते त्यांनी आपापल्या घराचा क्रमांक सांगून त्या नकाशावर खूण करून घ्यावी. आपण त्या सभेला आलात तर लोकांना आनंद होईल. नाही जमले तरी आदेश आपल्या सहीने निघावा.

कळावे,
आपल्या मतदारसंघातील, प्रतापनगरचा एक मतदार